अप्पा बदाम बोलले नाहीत

ब्रिज हा चौघांचा, दोन जोड्यांचा पत्त्यांचा खेळ. त्याच्या प्रत्येक डावात आधी बोली होते, म्हणजे कुठला हुकूम धरून किती हात करणार हे जोड्या बोलून ठरवतात. ती संपली की एका खेळाडूवर मोठी अवघड पाळी येते. डिक्लेअरर, म्हणजे ठरलेली बोली खेळून दाखवणारा, त्याच्या डाव्या हाताला बसलेल्यानं पहिलं पान टाकायचं असतं. त्यालाच उतारी म्हणतात. डमी, म्हणजे डिक्लेअररच्या भिडूचा हात, अजून उघडलेला नसतो. एकदा ते पान पडलं की समोर तेरा पानं पसरली जातात आणि मग खेळणाऱ्या तिघांनाही आपली तेरा आणि डमीची तेरा अशी सव्वीस पानं दिसायला लागतात. उतारी करणाऱ्याला मात्र फक्त स्वतःची तेरा दिसत असतात. उरलेल्या एकोणचाळीस पानांबद्दल त्यानं फक्त ऐकलेलं असतं. आणि पुष्कळदा त्याच एका पानावर कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बोलीत कबूल केलेले हात, होणार की बुडणार हे ठरतं.

नवीन शिकणाऱ्याला उतारीचे नियम पाठ करायला देतात. नो ट्रम्पमध्ये (हुकूम नसलेल्या खेळात) लांब रंगातलं वरून चौथं पान, लागून चित्रं असतील तर त्यातलं सर्वात मोठं, रंगाच्या खेळात एक्क्याखालून खेळायचं नाही, भिडूनं रंग दाखवला असेल तर तो रंग. हे नियम चांगले आहेत, मीही तेच शिकले आणि तेच शिकवते. पण ते सगळे आपल्या हातातल्या पानांकडे बघायला लावतात, आणि माझं ठाम मत असं आहे की चांगली उतारी हातातल्या पानांवरून कमी आणि झालेल्या बोलीवरून जास्त ठरते. कुठल्या रंगाची उतारी करायची हे बोली सांगते. त्या रंगातलं नेमकं कुठलं पान, एवढ्यापुरते नियम.

बोलीची भाषा तशी फार तोकडी. सात पायऱ्या, प्रत्येक पायरीवर चार रंग आणि नो ट्रम्प, म्हणजे एकूण ३५ बोली. त्यात पास, डबल (समोरच्यांच्या बोलीची किंमत दुप्पट) आणि रीडबल (त्यावर पुन्हा दुप्पट) धरले तर ३८ शब्द. एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे प्रकार मात्र ६,३५,०१,३५,५९,६०० आहेत. इतक्या थोड्या शब्दांत इतकं सांगायचं असल्यामुळे प्रत्येक शब्दाला वजन येतं. आणि जो शब्द सहज वापरता आला असता पण वापरला गेला नाही, त्यालाही.

एक डाव सांगते. मी ज्यांच्याबरोबर खेळते त्यांना सगळे अप्पाच म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय शिस्तीचे खेळाडू. आमच्या पुण्यातल्या क्लबातली टीमची मॅच होती. माझ्या डावीकडच्या खेळाडूनं एक चौकट अशी सुरुवात केली. अप्पा पास. माझ्या उजवीकडून एक इस्पिक. मी पास. मग दोन चौकट, पास, दोन नो ट्रम्प, पास, तीन नो ट्रम्प, आणि सगळे पास. उतारी माझी.

माझ्या हातात होतं ते असं. इस्पिकची अठ्ठी, सत्ती, पंजी. बदामचा गुलाम, नव्वी, छक्की, तिर्री. चौकटचा राजा आणि चौकी. किलवरची राणी, अठ्ठी, छक्की, दुर्री. गुणांनी (एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक) सहा.

इस्पिक आणि चौकट त्यांचे रंग, तेव्हा ते सोडले. राहिले बदाम आणि किलवर. दोन्हींत माझी चार-चार पानं, दोन्हींत एकेक चित्र. नियम म्हणतो, कुठलंही खेळ. किंबहुना बरेच जण इथे बदाम खेळतील, कारण नो ट्रम्पविरुद्ध न दाखवलेला मेजर रंग खेळावा असं आपण ऐकत आलेलो असतो (मेजर म्हणजे इस्पिक आणि बदाम, मायनर म्हणजे चौकट आणि किलवर).

पण आधी चौकटच्या राजाकडे बघू. डमीत चौकट सहा तरी पानांची असणार, कारण तिथून तो रंग दोनदा सांगितला गेला. माझा राजा डमीतल्या त्या रंगाच्या आधी खेळतो, म्हणजे डिक्लेअररनं हातातून छोटी चौकट टाकून फिनेस केली (माझा राजा पडला नाही तर डमीतून त्याहून लहान चित्र लावलं) की ती यशस्वी होणार. राजा असूनही मला चौकटचा एक हात मिळणार नाही आणि त्यांचा तो रंग सरळ वाहत जाणार. म्हणजे वाट बघत बसायला वेळ नाही. जे घ्यायचं ते आत्ता, पहिल्या उतारीपासून.

मग अप्पांकडे काय आहे? समोरच्या जोडीनं गेम (मोठा बोनस देणारी बोली) उड्या मारत गाठला नव्हता. एकानं दोन नो ट्रम्पनं विचारलं आणि त्याच्या भिडूनं होकार दिला. अशा वाटेनं येणाऱ्या जोडीकडे मिळून पंचवीसच्या वर गुण क्वचितच असतात. एकूण चाळीस, त्यातून त्यांचे पंचवीस आणि माझे सहा गेले, तर अप्पांकडे नऊ तरी हवेतच. नऊ किंवा जास्त गुण असलेला माणूस पूर्ण बोलीभर गप्प बसला होता.

आता तो गप्प कधी बसला ते पाहायचं. एक चौकटवर एक बदाम बोलणं ही ब्रिजमधली स्वस्तातली स्वस्त बोली आहे. पायरी पहिलीच, धोका कमी, आणि भिडूला उतारी सांगून होते. बदामची बरी पाच पानं आणि नऊ-दहा गुण असते तर अप्पांनी ती बोली केली असती, डोळे झाकून केली असती. किलवर सांगायला मात्र दुसऱ्या पायरीवर जावं लागतं. तिथे रंग लांब आणि भक्कम हवा, नाहीतर डबल बसून मोठा फटका बसतो. म्हणजे अप्पांच्या गप्प बसण्यातून बदामबद्दल बरंच कळत होतं आणि किलवरबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्यांचे गुण बदाममध्ये असण्यापेक्षा किलवरमध्ये असण्याची शक्यता मला जास्त वाटली.

मी किलवरची दुर्री उलटी ठेवली. अप्पांनी विचारायचं ते विचारलं, मी पान उघडलं, डमी आला. इस्पिक राणी आणि चौकी, बदाम राजा आणि पंजी, चौकट एक्का, राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, तिर्री, आणि किलवरची नव्वी, पंजी, तिर्री. अप्पांनी किलवरचा राजा घेतला, मग एक्का, मग सत्ती. माझी राणी, आणि तिच्यामागून अठ्ठी, कारण तोवर किलवर कुणाकडेच उरलेलं नव्हतं. चार हात झाले. मग मी इस्पिक टाकलं आणि अप्पांनी एक्का लावला. पाचवा हात, म्हणजे त्यांना नवाऐवजी आठच, तीन नो ट्रम्प एक खाली.

बदामची उतारी झाली असती तर त्यांना बदामचे तीन आणि चौकटचे सहा असे नऊ हात आमच्या हाती काही लागायच्या आत मिळाले असते. अप्पांकडे बदाम चारच होते, दश्शीच्या खालचे. दुसऱ्या टेबलावर याच पानांवर बोली हीच झाली, उतारी बदामची झाली आणि कॉन्ट्रॅक्ट झालं.

यात कुठेही चमत्कार नाही आणि नशीब थोडंच आहे. अप्पांकडे किलवर एक्का-राजा निघाले हे ठीक, तिथे नुसता राजाही असू शकला असता आणि मग उतारी फुकट गेली असती. पण बदाम आणि किलवर यांपैकी एक निवडायचं होतं आणि निवडायला कारण होतं. ते कारण अप्पांनी पुरवलं होतं. म्हणूनच मी म्हणते की उतारी मी केली असली तरी ती अर्धी त्यांची होती.

याची दुसरी बाजू ओव्हरकॉलची, म्हणजे समोरच्यांनी सुरुवात केल्यावर आपण मध्ये करायच्या बोलीची. स्पर्धेच्या बोलीत आपण मध्ये तोंड घालतो ते कशासाठी? डाव आपला व्हावा म्हणून, त्यांची जागा कमी व्हावी म्हणून, आणि भिडूला उतारी कळावी म्हणून. यातलं तिसरं कारण क्लबात सगळ्यात दुर्लक्षित राहतं. बदामचा राजा, राणी, दश्शी आणि आणखी दोन पानं, बाहेर फारसं काही नाही, अशा पानांवर एक बदाम बोलायलाच हवं, आठ गुण असले तरी. उलट बदामचा गुलाम-अठ्ठी करत पाच पानं आणि बारा गुण दुसऱ्याच रंगांत, अशा वेळी एक बदाम म्हणणं मला पटत नाही. डाव त्यांनी घेतला की भिडू इमानेइतबारे बदामचा राजा काढून टाकतो, आणि तो राजा एरवी एक हात देणारा असतो. गुण मोजून ओव्हरकॉल करणाऱ्यांना हे सांगून सांगून मी थकले आहे. रंग दाखवला म्हणजे "हाच खेळ" असं भिडूला सांगितलं. तसं सांगायची इच्छा नसेल तर गप्प बसलेलं बरं.

किती वर जायचं, यासाठी फ्रान्सच्या झाँ-रने व्हर्न यांचा एकूण हातांचा हिशेब सगळे जण वापरतात. दोन्ही जोड्यांच्या हुकुमांची बेरीज आणि दोन्ही जोड्यांना आपापल्या हुकुमात मिळणाऱ्या हातांची बेरीज साधारण सारखी येते, असं त्यांनी १९६०च्या दशकात मांडलं. त्यातून निघालेला व्यवहारातला नियम सोपा. दोघांत मिळून नऊ हुकूम असतील तर तिसऱ्या पायरीपर्यंत झगडा, आठ असतील तर दुसरीपर्यंत. हा हिशेब कमालीचा उपयोगी आहे. पण तो हुकूम किती ते मोजतो, कसे ते मोजत नाही. नियमाच्या आधारानं एकेक पायरी चढत गेलेली जोडी शेवटी डाव समोरच्यांना सोडते तेव्हा उतारीची वेळ येते, आणि तिथे रंगाचा दर्जा लागतो. व्हल्नरेबल (बुडाल्यास दंड जास्त बसतो अशी स्थिती) नसताना डबल होऊन तीन खाली गेलं तर ५०० जातात, असताना ८००. ते आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. फसवा रंग दाखवल्यामुळे चुकलेल्या उतारीचा आकडा कुठल्याच स्कोअरशीटवर वेगळा लिहिलेला नसतो, म्हणून त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

बोलीतून उतारी सांगायचं सर्वात टोकाचं उदाहरण म्हणजे लाइटनरचं डबल. समोरच्यांनी आपणहून स्लॅम (बारा किंवा तेरा हातांची बोली) बोलला आणि उतारी न करणाऱ्या भिडूनं डबल दिलं, तर त्याचा अर्थ "नेहमीची उतारी करू नकोस". बहुधा त्याच्याकडे एखाद्या रंगाचं एकही पान नसतं आणि त्याला पहिल्याच हाताला हुकूम मारायचा असतो. थिओडोर लाइटनर यांनी ही कल्पना १९२०च्या दशकाच्या अखेरीला दिली. स्लॅमला डबल देऊन जास्तीचे पन्नास-शंभर मिळवण्यापेक्षा तो शब्द उतारी सांगायला वापरणं शहाणपणाचं, हे एकदा कळलं की बोलीकडे बघायची नजरच बदलते.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते. वरच्या डावात अप्पांचा पास मी वाचला. पण तो वाचण्याचा हक्क मला कशामुळे मिळाला? अप्पांनी तो पास नेहमीच्या वेगात, नेहमीच्या हातानं, चेहऱ्यावर काही न आणता केला म्हणून.

समजा तसं झालं नसतं. समजा एक चौकटवर अप्पा थांबले असते, पानांकडे बघत राहिले असते, बोलीच्या पेटीकडे हात नेऊन परत आणला असता आणि मग पास केला असता. एक बदाम बोलायला इतका विचार लागत नाही, तेव्हा ते दोन किलवर किंवा डबलचा विचार करत असणार, हे टेबलावर कुणालाही कळलं असतं. आता उतारीच्या वेळी माझ्याकडे किलवर खेळायची दोन कारणं आहेत, एक बोलीतून आलेलं आणि एक त्या थांबण्यातून आलेलं. ब्रिजच्या कायद्याचं १६वं कलम सांगतं की भिडूच्या रेंगाळण्यातून, सुरातून किंवा हावभावातून जे कळलं ते वापरायचं नाही. समोर एकापेक्षा जास्त वाजवी पर्याय असतील, तर त्या रेंगाळण्यानं सुचवलेला पर्याय निवडता येत नाही. बदाम हा वाजवी पर्याय होताच. म्हणजे मला बदामच खेळायला हवा होता आणि तीन नो ट्रम्प त्यांना देऊन टाकायला हवं होतं. "मी तसाही किलवरच खेळले असते" हे खरं असूनही उपयोगाचं नाही.

हा नियम बऱ्याच जणांना अन्यायाचा वाटतो. मला तो या खेळातला सर्वात सुंदर नियम वाटतो. विचार करायला बंदी नाही. अवघड पानं असतील तर माणूस थांबणारच, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. पण थांबण्यानं जे भिडूला आयतं कळलं, त्याचं ओझं मग भिडूनं उचलायचं. पायरी सोडून केलेल्या उडीच्या बोलीनंतर पुढच्या खेळाडूनं दहा-एक सेकंद थांबावं अशी पद्धत आहे तीही याचसाठी. सगळेच थांबले की कुणाच्या थांबण्याला अर्थ उरत नाही. आणि उतारी आधी पालथी ठेवायची, भिडूचे प्रश्न संपले की मगच उघडायची, कारण भिडूच्या प्रश्नानंसुद्धा पान बदलता येऊ नये. उतारीभोवती इतके बंदोबस्त करावे लागतात, यावरूनच तिची किंमत कळावी.

ती किंमत किती, हे २०१५ मध्ये सगळ्या जगाला दिसलं. इस्रायलची लोटन फिशर आणि रॉन श्वार्ट्झ ही तरुण जोडी तेव्हा युरोपात आणि अमेरिकेत एकामागून एक स्पर्धा जिंकत होती. नॉर्वेच्या बॉय ब्रोगेलंडनं त्यांच्यावर उघड आरोप केला. तो आधी त्यांच्याच संघात खेळलेला होता आणि त्या संघाबरोबर मिळालेली विजेतेपदं त्यानं परत केली. मग जगभरचे खेळाडू २०१४ च्या युरोपियन स्पर्धेचे व्हिडिओ बघायला बसले. स्वीडनच्या पेर-ओला कुलिनला खूण सापडली. बोली संपली की ते दोघं पानं ठेवायचा बोर्ड टेबलावर वेगवेगळ्या जागी ठेवत. बोर्डाची जागा भिडूला सांगे की कुठल्या रंगाची उतारी हवी. मध्ये पडदा होता, एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, सगळी काळजी घेतलेली होती. युरोपियन ब्रिज लीगनं त्यांना दोषी ठरवून खेळबंदी केली.

जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी दोघांनी चोरायचं ठरवलं तेव्हा पानं कुठे आहेत ते त्यांनी चोरलं नाही, उतारी चोरली. दोन रंगांतून एक निवडायचा तो माझ्या त्या डावातला प्रश्नच त्यांना प्रत्येक डावात आधी सुटलेला हवा होता. मला त्या बातमीनं फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. विचार करून काढायची जी गोष्ट, जिच्यासाठी आपण या टेबलावर येतो, तीच त्यांनी टाळली.

संगणकानं या भागात काय केलं तेही सांगायला हवं. डेव्हिड बर्ड आणि टॅफ अँथियस यांनी संगणकाकडून हजारो डाव तपासून घेतले आणि दाखवलं की एक नो ट्रम्प–तीन नो ट्रम्प अशा बोलीविरुद्ध लांब पण कमकुवत मायनर रंगापेक्षा दोन-तीन पानांचा मेजर पुष्कळदा चांगला ठरतो. कारण पुन्हा तेच. तीन नो ट्रम्पला सरळ गेलेल्याकडे चार पानांचा मेजर असता तर त्यानं बहुधा विचारपूस केली असती, त्यानं केली नाही. हे निष्कर्ष मी मानते, पण ते कुठे लावायचे तेही बघते. बोली दोनच शब्दांची असेल तर हजारो डावांची सरासरी उपयोगी. आमच्या त्या डावात न दाखवलेला मेजर बदामच होता, आणि तिथे चौकटनं सुरुवात झाल्यावर अप्पांना बोलायची संधी मिळाली होती. ती संधी सरासरीत कुठेच नसते.

२०२२ च्या मार्चमध्ये पॅरिसला नूक नावाच्या प्रणालीनं आठ जगज्जेत्यांना मागे टाकलं, तेव्हा ब्रिजही यंत्रानं जिंकला अशा बातम्या आल्या. त्या सामन्यात कॉन्ट्रॅक्ट आधीच ठरलेलं होतं, तीन नो ट्रम्प, आणि तपासला गेला तो फक्त डिक्लेअररचा खेळ. प्रणाली कौतुकास्पदच आहे. पण बोली त्यात नव्हती आणि भिडूचा पास ऐकून उतारी निवडणंही नव्हतं.

सध्या अप्पांचा आणि माझा एक वाद चालू आहे. एक चौकटवर चार पानांच्या बदामचा ओव्हरकॉल करायचा का, रंग राजा-राणी-गुलाम-दश्शी इतका भक्कम असेल तर? अप्पा म्हणतात, "करायचाच. तुला उतारी हवी ना? मग ही घे." त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्यात आणखी एक फायदा आहे तो मीच त्यांना दाखवला. असे चार पानांचे बदामही ते बोलू लागले, तर त्यांचा पास मला आजच्यापेक्षा जास्त सांगेल. किंमत मात्र दुसरीकडे द्यावी लागते. मी पाच पानं धरून चालते, माझी चार मिळवून नऊ हुकूम मोजते आणि तिसऱ्या पायरीवर जाते. तिथे प्रत्यक्षात आठच असतात आणि व्हर्नचा हिशेब एका पानानं चुकतो. टीमच्या मॅचमध्ये कॉन्ट्रॅक्ट बुडवण्याला मोल जास्त, म्हणून तिथे मी मान्य केलंय. जोड्यांच्या स्पर्धेत प्रत्येक टेबलाशी तुलना होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचे पन्नास गुणसुद्धा क्रम बदलतात, तिथे अजून नाही. अप्पांना दोन्हीकडे एकच पद्धत हवी आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही जुने स्कोअर काढून बसणार आहोत.